यादीत नसलेलं प्लगिन

आजच्या समारंभाच्या अध्यक्षस्थानी असलेले आमच्या तंत्रनिकेतनाचे प्राचार्य हिरालालजी पटले सर, सगळी कामं बाजूला ठेवून शहापूरला आलेले संस्थेचे सचिव माननीय तुलारामजी, आजच्या सत्कारमूर्ती उर्वशीताई रामटेके, आईसाठी कालच मोहाडीहून आलेली त्यांची मुलगी प्रतिक्षा, माझे सहकारी आणि पंख्याखालच्या खुर्च्या आधीच पटकावून बसलेले विद्यार्थी मित्रहो, सर्वांना माझा जय भीम आणि नमस्कार.

प्राचार्यांनी मला पाच मिनिटं दिली आहेत आणि समोर घड्याळ काढून ठेवलं आहे. सर, आज ते खिशात ठेवा. मी संघपाल गजभिये, संगणक विभागाचा माणूस. चारचौघांत बोलायची वेळ आली की काढता पाय घेतो, हे तुम्ही वीस वर्षं पाहतच आहात. आज घेत नाही, त्याला कारण आहे.

उर्वशीताई सोमवारपासून आपल्या तुमसरच्या शाखेत संगणक शिकवणाऱ्या निदेशक म्हणून रुजू होत आहेत. चार वर्षांपूर्वी त्या इथे परिचर म्हणून आल्या, तेव्हा त्यांना संगणक सुरू करता येत नव्हता. मग त्यांना प्रोग्राम लिहायला कोणी शिकवलं? मघाशी दोन वक्त्यांनी ते श्रेय मला दिलं आणि मी निमूटपणे टाळ्याही घेतल्या. पण ते खरं नाही, आणि तसाच खाली बसलो तर मला जेवण जाणार नाही.

त्यासाठी ताईंचे पती जागेश्वर सर यांच्याबद्दल बोलावं लागेल. नव्या मुलांनी त्यांना पाहिलेलं नाही. सर माझे सहकारी. ज्यावर तुम्ही प्रोग्राम लिहिता त्या एडिटरला छोटी छोटी अवजारं जोडता येतात, एखादं कंस बंद करतं, एखादं ओळींना रंग देतं. हीच प्लगिन. अठरा साली आपल्याकडचं इंटरनेट असं होतं की वीस मशीनवर ती बसवता बसवता तास संपायचा. म्हणून सरांनी स्वतःचा प्लगिन मॅनेजर लिहिला. मुख्य मशीनवर एक यादी. यादीत असेल ते प्रत्येक मशीनने आणायचं, यादीत नसेल ते विचारून काढून टाकायचं. काही प्लगिन धानासारखी कच्ची येतात, मशीनला चालतील अशी जागेवर भरडून घ्यावी लागतात, तेही तो करायचा. एवढंच त्याचं काम, आणि ते तो चोख करायचा.

सरांची शिकवायची तऱ्हा मात्र न्यारी. कोणाचं चुकलं तर ते बोलायचे नाहीत. मागे येऊन उभे राहायचे, पेनाचं टोक पडद्यावरच्या चुकलेल्या ओळीवर टेकवायचे आणि थांबायचे. समोरच्याला उमगेपर्यंत ते टोक हलायचं नाही. मला राग यायचा. सांगून टाका ना एकदाचं, असं मी म्हणायचो. ते नुसते हसायचे.

एकवीसच्या एप्रिलमध्ये, करोनात, सर गेले. पुढच्या वर्षी संस्थेने ताईंना अनुकंपा तत्त्वावर नोकरी दिली. सचिव साहेब, त्याबद्दल हा विभाग आपला कायमचा ऋणी आहे.

ताई रुजू होऊन तीन महिने झाले असतील. दुपारची वेळ, प्रयोगशाळा रिकामी. ताई सात नंबरच्या मशीनवर पुस्तकातला प्रोग्राम उतरवत होत्या. मी मागून गेलो आणि थबकलो. ताईंचे दोन्ही हात मांडीवर होते, आणि कर्सर एकेक ओळ वर चढत होता. पाचव्या ओळीवर जाऊन तो थांबला. ताईंनी ती ओळ वाचली, राहिलेला कंस घातला आणि पुढे लिहू लागल्या. हे काय, असं मी विचारलं. त्यांना माझंच नवल वाटलं.

"चुकलं का ते दाखवते ना, सर. मले वाटलं, सगळ्याच कम्प्युटरमंदी राहते ते."

मित्रहो, चुकीखाली लाल रेघ ओढणारी प्लगिन पुष्कळ आहेत. कर्सर उचलून नेणारं आणि माणसाला कळेपर्यंत तिथेच थांबणारं प्लगिन आमच्या यादीत नव्हतं. मी सात नंबरवर मॅनेजर उघडला. यादीत अकरा, बसवलेली बारा. बाराव्याला नाव नव्हतं. त्याचा फोल्डर उघडला तर तो रिकामा, त्यावर तारीख मात्र त्याच दिवसाची. काढून टाकू का, असं मॅनेजरने विचारलं. मी होय म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बारा.

मी घाबरलो. शास्त्र शिकवणाऱ्या माणसाने सभागृहात हे सांगायला लाज वाटते, पण घाबरलो. दिवाळीच्या सुट्टीत मी सात नंबर पूर्ण पुसून काढलं. सरांचा मॅनेजर ठेवलाच नाही. पहिल्या ओळीपासून नवा लिहिला, माझ्या हाताने, आणि बसवला. यादी अजून रिकामी होती. पडद्यावर आलं, यादीत शून्य, बसवलेली एक.

मी उठून दाराजवळ गेलो. तिथून पाहिलं तर कर्सर माझ्याच प्रोग्राममध्ये वर वर चालला होता. दोनशे चौदाव्या ओळीवर तो थांबला. मी किती वेळ दारात उभा होतो ते आठवत नाही, तो काही हलला नाही. शेवटी जाऊन ओळ वाचली. जुनी प्लगिन काढून टाकणारी ती आज्ञा मी चुकून प्लगिनच्या फोल्डरऐवजी त्याच्या वरच्या फोल्डरला लावली होती. तसाच तो बाकीच्या मशीनवर बसवला असता, तर शेवटच्या वर्षाच्या मुलांचे सगळे प्रकल्प साफ झाले असते. मी ओळ दुरुस्त केली आणि तिथेच रडलो. भीती गेली नव्हती. पण माझ्या मागे पुन्हा कोणीतरी उभं होतं.

ताईंना सगळं सांगितलं. त्या दिवसापासून त्या सात नंबरची खुर्ची पुसूनच बसू लागल्या. तिथेच त्या शिकल्या, तिथूनच त्यांनी पदविका केली.

मग बदलीचा आदेश आला. त्याच आठवड्यात नवे संगणकही मंजूर झाले, आणि जुनी मशीनं सोमवारी भंगारात जाणार असं ठरलं. काल दुपारी ताई माझ्याकडे आल्या. बढतीचा आनंद त्यांच्या तोंडावर कुठेच नव्हता. मी गेल्यावर या मशीनचं काय करतीन, असं त्यांनी विचारलं. पुसून देऊन टाकतील, असं मी सांगितलं. खोटं कशाला बोलू?

"मंग परक्याच्या हातानं पुसल्या जाण्यापरीस मीच काढतो, सर. तुम्ही फक्त जवळ उभे राहा."

त्यांनी मॅनेजर उघडला. काढून टाकू का, असा प्रश्न आला. ताईंनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग घरात एखाद्याला हाक मारावी तितक्या साध्या आवाजात म्हणाल्या, "चाला जी आता. घरी चाला." आणि त्यांनी होय म्हटलं.

आज सकाळी मी लवकर आलो. सात नंबर सुरू केलं. यादीत अकरा, बसवलेली अकरा. एक प्रोग्राम लिहिला, त्यात मुद्दाम चूक केली आणि हात मांडीवर ठेवून अर्धा तास बसलो. कर्सर जिथल्या तिथे होता. मला फार एकटं वाटलं. समारंभाआधी ताई भेटल्या तेव्हा मी त्यांना म्हटलं की सर आता खरोखर गेले, तुम्ही मन घट्ट करा. समजूत घालायला गेलो होतो मी, आणि समजूत त्यांनीच माझी घातली.

त्यांनी सांगितलं ते असं. काल संध्याकाळी घरी त्या फोनवर तुमसरचा रुजू अर्ज भरत होत्या. पतीच्या नावाच्या रकान्यात त्यांनी सवयीने लिहिलं, कालकथित जागेश्वर रामटेके. दिवंगत माणसाला आमच्यात कालकथित म्हणतात. खालचा रकाना भरायला गेल्या तर कर्सर तिथे जाईना. तो मागे सरकत गेला आणि कालकथित या शब्दापाशी थांबला. प्रतिक्षाही शेजारी बसून पाहत होती. ताईंनी तो शब्द खोडला, तेव्हा कर्सर पुढे गेला.

अध्यक्ष महोदय, आपण मला वेळेबाहेर बोलू दिलंत, सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. ताई, तुमसरला सुखाने जा. माझ्या बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर ते पोटात घाला. आणि सर गेले, सर गेले, असं मी मघापासून म्हणत आलो आहे, तेवढ्यासाठी ताईंच्या घरच्यांनी मला क्षमा करावी.