खदानीच्या तोंडाशी दोन जोड

नाई भाऊ, ते बूट उचलू नका — तुमचे तुमी घाला, पण दोस्ताचे तिथंच राहू द्या, खदानीच्या तोंडाशी. आभाळ आलं, भिजतीन म्हणता? भिजू द्या. बूट वाळते. तो अजून आत फोटो काढून राहिला न? मंग. मी कोण? मी बाबुलाल, या बकऱ्या माह्या, आन याच खदानीत अठरा साल मॅंगनीज फोडलं मी. बसा या दगडावर, थकले दिसता. मीबी थकलो, पण माहं थकणं जुनं हाय.

तुमी आत पाणी हाय म्हून बूट काढले. आमी गिनतीसाठी काढत होतो. पक्क्या कामगाराले पितळेचा बिल्ला भेटे — आमी ठेकेदाराचे, आमाले कायचा बिल्ला? चप्पल तोंडाशी काढाची, बाहेर आलं की घालाची. पाळी सुटली आन एक जोड उरला, तं एक माणूस आत हाय, शोधाले जा. जोड नाई, तं माणूस नाई. गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्याच्या दुसऱ्या वर्सी खदान बंद पडली, पण ही सवय कोणाची गेली नाई.

बंद पडल्यावर डोमा आत गेल्ता. माहा दोस्त, एकाच पाळीतला. घरावर टाकाले लोखंडी रूळ पाहिजे होते त्याले — आत पडूनच होते, कोणाच्या कामाचे? पण चौकीदार सोडत नसे. डोमासंग एक जण होता. होता एक, गावातलाच. दोघांनी चपला काढल्या, आत गेले, रूळ हलवू हलवू त्या दुसऱ्याचा दम गेला, तं डोमा म्हणे, तू बाहेर जाऊन चौकीदारावर ध्यान ठेव. तो आला बाहेर. थोड्या वेळानं खालून सायकल दिसली चौकीदाराची. चपला दिसल्या असत्या तं दोघंबी धरले गेलो असतो — म्हून दोन्ही जोड उचलले मी आन पळसाच्या झुडपात —

हो. मीच होतो. आता निघालंच तोंडातून, तं राहू द्या.

चौकीदार तिथंच बिडी फुकत बसला. मले वाटलं, डोमा पलीकडच्या तोंडानं निघून जाईन, ते तोंड त्याले ठाऊक होतं. मी घरी गेलो, दोन्ही जोड घेऊन. सकाळी त्याची बायको शकुनबाई दारात — आले नाई म्हणे. गावचे वीस माणसं खदानीवर गेले, मीबी गेलो. सगळे तोंडापाशी थांबले, खाली पाह्यलं. चप्पल नाई. त्याइच्यातला देवाजी म्हणे, आत कोणी नाई, चला. आन सगळे वळले, बावनथडी नदीच्या काठानं शोधत गेले — आन मीबी त्याइच्या संग हाका मारत गेलो, डोमा, डोमा. एक शब्द बोलाचा होता भाऊ. चोरीत नाव येईन म्हून भेलो. मंग उशीर झाला म्हून भेलो.

तिसऱ्या दिवशी मीच म्हणलो, एकदा आत पाहून घेऊ. डोमा आतच भेटला, मेलेला. पायावर दगड पडला होता, बाकी अंगाले काई नाई. डॉक्टर म्हणे, काल संध्याकाळपर्यंत जिता होता. म्हंजे आमी तोंडापासून वळलो, तवा होता.

"त्याइची चप्पल कोठी गेली?" शकुनबाईनं मले इतकंच इचारलं. कुत्र्यानं नेली असन, म्हणलो मी. अजूनबी ती गावातल्या कुत्र्याइले गोटे मारते. आन जोड माह्या घरी हाय — फेकता येत नाई, देता येत नाई.

बकऱ्या तं कोठीबी चरतीन भाऊ. मी इथंच आणतो रोज, कोणाच्या चपला दिसल्या तं तो माणूस बाहेर येऊन त्या उचलेपर्यंत बसून राहतो.

माह्याकडं काय पाहून राहिले? जा, दोस्ताचे बूट होते तिथं ठेवा. आन दोस्ताले हाक मारा, जोरानं. त्यानं ओ दिली की मले सांगा, मंग मी जातो घरी.