अम्मीसाठी कॅसेट

एक्क्याण्णवचा जानेवारी, रियाध; आखाती युद्ध सुरू झालं होतं. जेद्दाच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघं मराठी बोलत होते.

"गुरुनाथ, ही कॅसेट रत्नागिरीला अम्मीच्याच हातात दे."

"हाशमभाई, तुम्हीही चला की."

"पासपोर्ट कफीलकडे, मालकाकडे आहे."

"ही तर त्या स्वीडिश ग्रुपमधल्या बाईची. ग्रुप मोडल्यावर एकटीनं काढलेली. तुमची लाडकी ना?"

"कोरी मिळाली नाही. हिच्यावरच बोललोय, इथं सगळं ठीक आहे म्हणून. मध्ये मध्ये ती गाईल."

"ती कशी?"

"सायरन वाजला की रेकॉर्डिंग बंद करायचो आणि कॅसेट तशीच पुढे चालू द्यायचो. अम्मीला सायरन ऐकू जायला नको."

"आणि दुसरी बाजू?"

"ती भरायला बसलो त्या रात्री सगळी तीच गायली."