आधी डाळ, मग गूळ

लढाई पेटली होती. सौदीतल्या अबकैकच्या टेलिफोनच्या रांगेत माझ्यापुढे हारून उभा होता आणि बूथमध्ये त्याच्याच खोलीतला फिटर बाळाराम. बूथचं दार लागत नव्हतं. रत्नागिरीकडचं त्याच्या आईचं रडणं रांगेपर्यंत येत होतं.

“आये, ऐक गो. शिमगा आलाय. पुरणात गूळ कधी घालू?”

“खुळ्या, डाळ शिजल्यावर! आधी घातलास तर डाळ शिजायचीच नाही.”

“आणि सशाच्या रश्शाचं खोबरं?”

“काळपट होईस्तो भाज. ससा कुठला तिथे?”

“वाळवंटातल्या एका बदूनं दिलाय.”

“मग माझ्या सासूसारखाच कर. वाडीची वाडी यायची आपला रस्सा ओरपायला!”

आता तिचा आवाज कीर्तनाच्या उत्तररंगासारखा चढला होता.

“यायची तर! ठेवतो गो.”

बाळाराम बाहेर आला तसं हारूननं विचारलं,

“काय रे, गेल्या शिमग्याला पोळ्या तूच केल्यास ना?”

“केल्या की. आठ खाल्ल्यास तू.”

“आणि ससा?”

“कसला ससा, हारूनभाई! आये सांगायला लागली की रडायचं विसरते.”

हारून आत गेला. नंबर लागला.

“अम्मी, रडू नकोस. ईदच्या सांदणाला नारळ किती घेऊ?”