फक्त निकाल

अमेरिकेत, शुगर लँडमधल्या व्हिसाच्या वकिलाकडे रत्नाकाकू नंबरची वाट बघत बसल्या होत्या. पाठीमागे दोन तरुण मराठीत बोलत होते.

“संग्राम, गेममधली लढाई तू ऑटोवर टाकायला लागलास?”

“हो. बटण दाबलं की कॉम्प्युटरच लढतो. आपल्याला फक्त निकाल कळतो.”

“पण तो निम्मं सैन्य फुकट मारतो यार! तू तर एकेका घोडेस्वारासाठी जीव टाकायचास.”

“स्वतः लढलं की मरताना बघावं लागतं, रवी.”

“बाबा कसे आहेत?”

“व्हेंटिलेटरवर. आत्ता देश सोडला तर ग्रीन कार्डचा अर्ज बाद होईल, असं वकील म्हणतो.”

“मग?”

“दादा विचारत होता, मशीन कधी काढायचं. म्हटलं, तूच ठरव. झालं की फोन कर.”

रत्नाकाकूंचा नंबर पुकारला गेला. त्यांच्याने उठवेना.