नाव सांगण्याआधी

ह्यूस्टनच्या इमिग्रेशन कोर्टाबाहेर माझ्या शेजारी दोघी मायलेकी बसल्या होत्या, माझ्यासारख्याच होंडुरासच्या.

"टोळीतल्या त्या माणसाचं नाव जज विचारतील. सांगून टाक, नोहेलिया. नाहीतर परत पाठवतील तुला."

"आणि सांगितलं तर? डेल्मी अजून तिथंच आहे, आई. टोळीला कळायला कितीसा वेळ लागतो?"

"तुझी बहीण निघाली तिथून. सकाळीच फोन आला होता, ग्वाटेमालाच्या बसमध्ये बसली."

"खरंच?"

"मी तुझ्याशी खोटं बोलेन का?"

"मग सांगते."

नोहेलियाचा पुकारा झाला. ती आत गेली, दार लागलं. आईनं घाईघाईनं फोन लावला.

"डेल्मी, हातातलं काम टाक. पोरांना घे आणि आत्ताच्या आत्ता घर सोड."