बेचिराख वाडी

हे मी कुणाला सांगत न्हाई, तुमचा चहा पिलोय म्हणून सांगतो. निजामाच्या राज्यात मी नवा कारकून होतो, गावांची यादी करत फिरायचो. शिरूरकडं एका धनगरवाडीत गेलतो, तर सगळ्या दारांना कड्या. माणसं मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेलती. मी ऐटीत वहीत लिवलं, ‘बेचिराख’. म्हंजी जिथं कुणी ऱ्हात न्हाई, दिवासुद्धा लागत न्हाई, असं गाव.

तेवढ्यात मागून एक म्हातारी आली. “सायेब, उन्हाचे आलाव, ताक तर प्या.”

“तुमी एकल्याच?” मी इचारलं.

“व्हय. माणसं माघारी येवस्तोर रोज सांजंला समद्या उंबऱ्यांवर दिवं लावती मी. वाडी सुनी दिसू नये म्हून.” मग वहीकडं बघत म्हणली, “आमच्या वाडीचं काय लिवलं?”

ताक पिता पिताच मी वही मिटली बघा. म्हणलं, “लिवलंय की, नांदती वाडी हाय.”

म्हातारीनं खुशीत अजून एक तांब्या ताक आणलं. मी तेबी पिलो.

आन तो शब्द खोडला न्हाई. कावून? वहीत खाडाखोड दिसली तर वरचे सायेब काय म्हणतील, याचंच भ्या लई!