नुसतं दाखव, म्हणाले मी

सहा वाजून बारा मिनिटांनी, लेलँडकाका — शेगडीवरच्या घड्याळात मी स्वतः पाहिलं — तेव्हा आमची गाडी अंगणातून गेली. इंजिन बंद करू नका, मी चढत नाहीये, धाकटी कडेवर आहे माझ्या, इथूनच सांगते. तुमचा दुधाचा टँकर याच वेळी पत्रपेट्यांपाशी वळतो म्हणून अनवाणीच धावत आले, अर्धा मैल — पायाचं राहू द्या हो, रक्त काय, थांबेल. माझा पंधरा वर्षांचा कोल्टर शाळेआधी गाडी घेऊन शेतातले पाण्याचे पाइप हलवायला जातो ना, आज त्यानं पाइपाला हात लावला नाही. मग गाडी कुठं गेली? कालव्याच्या पुलाकडं. धूळ दिसली मला. आणि पिस्तूल गाडीत.

असं काय बघताय? तुमच्याही सीटखाली असेलच की! ओल्या गवतात, पाइपाखाली शेपटी खुळखुळवणारे विषारी साप बसतात, पोरगं पाइप उचलायला लागलं की त्याला पिस्तूल देतातच आपल्याकडं. बापानं दिलं असतं, पण बाप आहे कुठं — मीच दिलं, बाराव्या वाढदिवसाला, केक कापून. सापासाठीच्या गोळ्या वेगळ्या, आत बारीक छर्रे, तेवढ्याच भरायच्या असं बजावलं होतं. त्या सहाच्या सहा आज भांडी घासायच्या जागी काढून ठेवल्यात — ओळीनं, नीट — आणि कपाटातला खऱ्या गोळ्यांचा डबा रिकामा. मग मी काय समजायचं? सांगा ना. नको, सांगू नका.

तो डॅलिन, व्हिटलॉकांचा. शाळेच्या बसमध्ये रोज मागं लागायचा — ‘काय रे, आई तुझा गृहपाठ घेते, की तू तिचा?’ — माझी शाळा सातवीला सुटली, बटाट्याच्या शेडमध्ये कामाला लागले, हे गावाला माहीत आहे, मला त्याचं काही नाही. पण कोल्टर घरी येऊन जेवायचा नाही. मग मी काय म्हणाले? जास्त काही नाही. कुठलीही आई म्हणेल तेवढंच — मारामारी करू नकोस, नुसतं एकदा दाखव. गाडीची काच खाली कर, मांडीवर ठेव, दिसू दे त्याला, परत वाटेला जाणार नाही. हो, मीच म्हणाले! शेरीफच्या माणसाला फोन केला, पण हे नाही सांगितलं. तो चाळीस मैलांवर आहे, निघालाय — आणि पोराच्या हातात पिस्तूल बघून तो काय करेल, याचीच आता जास्त भीती वाटते मला.

सोमवारी दाखवलं यानं. हसत घरी आला. मी पॅनकेक करून घातले — शाबासकी म्हणून, काका! चार खाल्ले. आज ट्वायलाला फोन केला, डॅलिनच्या आईला, वर्षभर बोलत नव्हतो आम्ही. म्हटलं, तुझा घरात आहे का बघ आधी. ती गेली, परत आली — खोली रिकामी. मग म्हणाली, ‘अगं, सोमवारपासून तोही बाळगतोय. तुझ्या पोरानं दाखवलं ना. मला वाटलं, जवळ असलेलं बरं.’ जवळ असलेलं बरं! मी तिला काय बोलणार, कुठल्या तोंडानं? रडायला दोघींनाही सवड नव्हती. ती पलीकडून निघालीय, पण तिच्या घरून पूल अकरा मैल. तुम्हाला चार. पुलाजवळ फोन लागत नाही, नाहीतर मी तुम्हाला कशाला —

हे बघा, लांबूनच हॉर्न द्या. उतरू नका. दोन्ही हात काचेवर ठेवा, दिसतील असे. आणि ओरडून सांगा — आई म्हणते, मी चुकीचं सांगितलं. तिचं चुकलं, तुझं नाही. म्हणा, तिचं आणि ट्वायलाचं बोलणं झालंय, ट्वायला तिकडंच येतेय. डॅलिन आधी भेटला तर त्यालाही हेच सांगा, अक्षरही न बदलता. कोणाचा पोरगा आहे ते बघत बसू नका. वाटेत दुसरी गाडी भेटली तर तिलाही थांबवून सांगा, पुढं सांगायला सांगा. मी इथंच उभी राहते, येईल त्याला सांगते.

जा. अहो, माझ्याकडं काय बघताय, जा ना!